अर्धं ब्लेड

2024 साली आषाढातली अमावास्या रविवारी आली, 4 ऑगस्टला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. आमच्या तालुक्याच्या गावात त्या दिवशी दोन ठिकाणी रांगा लागतात, एक मटणाच्या दुकानापुढे आणि दुसरी सलूनमध्ये. श्रावण पाळणारे महिनाभर दाढीला हात लावत नाहीत, आणि न पाळणाऱ्यांनाही त्या दिवशी उगाच दाढी वाढल्यासारखी वाटते. बाकावर सात-आठ जण, दारात दोघं, टीव्हीवर कुठलातरी जुना पिक्चर. खुर्चीत मी.

गळ्याकडून हनुवटीकडे उलटा हात मारताना पातं कुठेतरी अडकलं. लागलेलं कळलंही नाही, आरशात दिसलं. पांढऱ्या फेसात गुलाबी ठिपका, मग त्याची बारीक रेघ. "सॉरी सर," असं म्हणत सलूनवाल्या पोरानं फेसासकट तो ठिपका पात्यावर उचलला आणि सवयीनं डाव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी पुसला. एरवी तो वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुसतो. त्या दिवशी कागद संपले होते. आणि त्याच अंगठ्यावर, नखाच्या कडेला, ताजा काप होता. तो काप होताना मी पाहिला होता. माझ्यासाठी नवं ब्लेड काढताना त्यानं ते वेष्टनातच वाकवलं, कट् करून मधोमध मोडलं, पण घाईत कागद फाटला आणि एक कोपरा अंगठ्यात शिरला. अंगठा तोंडात धरून त्यानं चोखला, पँटला पुसला आणि अर्धं ब्लेड वस्तऱ्यात सरकवलं. उरलेलं अर्धं माझ्यानंतरच्या गिऱ्हाइकासाठी कागदात गुंडाळून ठेवलं.

मला हिपॅटायटिस बी आहे. मला ते 2011 पासून माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं.

मी काही बोललो नाही. हनुवटीवर तुरटी फिरवून घेतली, पैसे दिले, घरी आलो आणि जेवलो.

हे लिहायला बसल्यावर पहिला मोह झाला तो "त्या क्षणी सुचलंच नाही" असं लिहिण्याचा. सुचलं होतं. तुरटीचा गार खडा हनुवटीवर फिरत होता तेव्हाच डॉक्टरांचं वाक्य आठवलं होतं. तेरा वर्षांपूर्वी त्यांनी बजावलं होतं, "तुमचं रक्त कुणाच्या उघड्या जखमेला लागलं तर लाजू नका. त्या माणसाला लगेच घेऊन या. चोवीस तासांत लस आणि जमल्यास तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं तर बहुतेक वेळा रोग लागत नाही." बहुतेक वेळा. चोवीस तास. गणिताचा मास्तर नसूनही हे आकडे मला पाठ आहेत. मी विज्ञान शिकवतो. आठवीला 'आरोग्य व रोग' हा धडा दर वर्षी घेतो. 28 जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन, त्या वर्षी रविवार आला म्हणून शाळेत आदल्या दिवशी साजरा केला, आणि भाषण मीच केलं होतं. सलूनमधल्या त्या सकाळच्या आठ दिवस आधी.

आणि तो पोरगा माझा विद्यार्थी. दहावीनंतर शाळा सोडून चुलत्याच्या सलूनमध्ये उभा राहिला, आता दुकान त्याचंच आहे. अजून मला बघितलं की तोंडातला मावा थुंकून येतो. मी "जरा बाहेर ये, बोलायचंय" म्हटलं असतं तर तो हातातलं काम टाकून आला असता. म्हणजे अडचण त्याच्या बाजूची नव्हती.

अडचण बाकावर बसली होती. सात-आठ जण, त्यांतले दोघे आमच्याच आळीचे, एक पालक-शिक्षक संघाचा. मास्तरांना 'काहीतरी' आहे ही बातमी संध्याकाळपर्यंत स्टँडपर्यंत गेली असती. तेवढ्यासाठी मी त्या पोराचे चोवीस तास घालवले.

मागचं थोडं सांगायला हवं, कारण गुन्हा 2024 सालचा एकटा नाही. त्याच्या आधीचा एक आहे आणि तो जास्त जुना, जास्त मुरलेला आहे.

2011 च्या पावसाळ्यात शाळेत रक्तदान शिबिर झालं. मुलांपुढे आदर्श म्हणून पहिला मी झोपलो. दिलेल्या प्रत्येक पिशवीतल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गरमी आणि मलेरियासाठी तपासणी होते. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. तिथल्या डॉक्टरांनी जुन्या पद्धतीचा शब्द वापरला, "ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह." घरी आल्यावर बायकोला तेच सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही तर कधी गोव्यालासुद्धा गेला नाहीत!" (नाव असं पडलं ते बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकी संशोधकाला हे प्रथिन एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं म्हणून. 1965 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, 1976 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस 28 जुलैचा, म्हणून तो दिवस. हे सगळं मी भाषणात सांगतो.)

लिव्हर ठीक होतं, विषाणूचं प्रमाण कमी होतं. औषधाची गरज नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी, दारू नको, दाढीचं सामान, टूथब्रश, नेलकटर वेगळं ठेवा. एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं, मिठी मारल्यानं हा रोग लागत नाही. रक्तानं लागतो, शरीरसंबंधानं लागतो, बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. आठ दिवसांत बायकोची आणि दोन्ही मुलांची तपासणी झाली, कुणाला नव्हता. तिघांना लस सुरू केली, पहिला डोस लगेच, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. माझा रेझर मी न्हाणीघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. अजून तिथेच असतो. हात पुरत नाही म्हणून स्टूल घ्यावं लागतं.

घरातला रेझर वरच्या फळीवर ठेवणारा माणूस महिन्यातून दोनदा सलूनमध्ये जाऊन पुढच्याच्या गालावर फिरणारी तुरटी स्वतःच्या हनुवटीवर फिरवून घेत होता, ही विसंगती मला कितीतरी वर्षं दिसली नाही. दिसली नाही म्हणणं खरं नाही. मी तिकडे पाहिलं नाही. 'घरचे' आणि 'बाकीचे' अशी एक रेघ मनात होती आणि सलूनवाला त्या रेघेच्या पलीकडे उभा होता, हातात वस्तरा घेऊन.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांत एक होता, "बाहेर दाढी करता का?" त्यांनी यादीतला एक प्रश्न म्हणून विचारला होता. मी तो झेलला. बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. सलूनमधून लागलं. बायकोला सांगितलं, मावसभावाला सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं. हे उत्तर किती सोयीचं आहे बघा. यात माझं चारित्र्य येत नाही, घराणं येत नाही, कुणी भलतासलता विचार करत नाही. उलट लोक हळहळतात. "काय सांगता मास्तर! नुसत्या दाढीनं?"

मी ज्यांच्याकडे तेव्हा जायचो ते अण्णा. सत्तरीकडे झुकलेले, दुकानात संत सेना महाराजांची तसबीर, खाली लाकडी पेटी. तरुणपणी वाड्यावाड्यांतून धोकटी घेऊन फिरलेला माणूस, वस्तरा चमोट्यावर पाजळण्याचा आवाज अजून कानात असलेला. पण वस्तरा सोडून अर्ध्या ब्लेडवर आले तेही आमच्या गावात सगळ्यांत आधी. नव्वदीच्या दशकात एड्सची पत्रकं आली, भिंती रंगल्या, तेव्हा "प्रत्येक गिऱ्हाइकास नवीन ब्लेड" ही पाटी अण्णांनी स्वतः रंगवून घेतली. यातला विनोद मला फार उशिरा कळला. दूषित सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण तीनशेत एक. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्याला आणि रोग्याच्या रक्तात विषाणू भरपूर असेल तर, शंभरात तीसपर्यंत जाते. एचआयव्ही सुकल्यावर फार टिकत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस जिवंत राहतो, आणि ते रक्त डोळ्याला दिसेल एवढं असावं लागत नाही. म्हणजे ज्याला सगळे घाबरले तो खुर्चीपाशी फारसा नव्हताच, आणि जो होता त्याचं नावही कुणी घेतलं नाही. पण त्या चुकीच्या भीतीनं ब्लेड बदललं गेलं, हे मात्र चांगलं झालं.

तर मी अण्णांचं नाव घेतलं. मुद्दाम बदनामी करावी म्हणून नाही, विचारलं तेव्हा सांगितलं, एवढंच. मावसभावानं स्वतःच्या पोरांना तिकडे पाठवणं बंद केलं. त्यानं आणखी कुणाला सांगितलं असेल. वर्षभरात आमच्या आळीत "त्यांच्याकडे नको, कावीळ लागते" हे वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते माझ्याच घरातून निघालेलं आहे हे ओळखलं. एकदा आमच्या ओसरीवर बसलेल्या एका वयस्कर पाहुण्यांनी या व्यवसायाच्या लोकांच्या स्वच्छतेबद्दल, त्यांच्या जातीला धरून, काही बोलून दाखवलं. चहा चालू होता. मी बशी खाली ठेवली आणि काहीच बोललो नाही. एरवी महात्मा फुल्यांच्या जयंतीला भाषण मीच करतो.

2016 मध्ये ताईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत तिलाही ऑस्ट्रेलिया अँटिजेन निघालं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती आयुष्यात न्हाव्याच्या खुर्चीत बसलेली नाही. आमच्यात मुलींचं जावळ करत नाहीत, त्यामुळे बालपणीचा वस्तराही तिच्या डोक्याला लागलेला नाही.

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर दोन आकडे लिहून दाखवले. मोठ्या माणसाला हा रोग लागला तर शंभरातल्या जवळपास पंचाण्णवांच्या अंगातून तो काही महिन्यांत आपोआप निघून जातो. तान्ह्या बाळाला लागला तर शंभरातल्या नव्वदांच्या अंगात कायमचा बसतो. तुमच्या अंगात तो बसलेला आहे, म्हणजे बहुधा लहानपणीच आला. दोघं भावंडं आहात, म्हणजे बहुधा आईकडून. हे सगळं त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी मान डोलावत राहिलो.

आई 1994 साली जलोदरानं गेली. पोट भरलेल्या पखालीसारखं झालं होतं. दारूच्या वाऱ्यालाही न उभ्या राहिलेल्या बाईचं लिव्हर कसं काय सुकलं हे कोडं घरात कुणी सोडवलं नव्हतं. त्या दिवशी परतीच्या एसटीत ते सुटलं.

'बहुधा' या शब्दाला मी बराच काळ धरून राहिलो, ते कबूल करतो. मी जन्मलो 1968 साली. पहिल्या दोन वर्षांत माझ्या अंगात कोणी कोणी धातू टोचला याची यादी केली. देवीची लस टोचणारा आला, सोनारानं कान टोचले, दवाखान्यात काचेची सिरिंज पाण्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरायचे, आणि मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढलं ते चमोट्यावर पाजळलेल्या, गावभर फिरलेल्या वस्तऱ्यानं. त्यामुळे वस्तऱ्याला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. पण ताईची जावळाविना आलेली कावीळ त्या यादीवर हात ठेवून उभी राहते. आणि काहीही झालं तरी चाळिशीतल्या माझ्या दाढ्यांचा आणि अण्णांचा यात संबंध नव्हता, एवढं 2016 साली मला स्वच्छ कळलं होतं.

कळल्यावर मी मावसभावाला फोन केला नाही. कारण अण्णांचं नाव मागे घेतलं की त्या जागी दुसरं नाव द्यावं लागलं असतं. वारलेल्या आईचं नाव लोकांच्या तोंडात जाण्यापेक्षा न्हाव्याचं आहे ते राहू दे. असा स्पष्ट विचार मी वाक्य करून कधी केला नाही. पण वागलो तो अगदी त्या वाक्याबरहुकूम. आईचा यात दोष काही नव्हता, तिलाही तो तिच्या आईकडून किंवा कुठल्या सुईतून आला असेल, हे मी मुलांना फळ्यावर शिकवू शकतो. ओसरीवर सांगू शकलो नाही.

अण्णांकडे जाणं मात्र मी 2011 सालीच बंद केलं होतं. ज्याच्यावर आळ घेतला त्याच्या हाताखाली मान कशी देणार? म्हणून या पोराच्या चुलत्याकडे जायला लागलो, पुढे या पोराकडे.

करोनाच्या काळातली एक गोष्ट इथे आठवते. टाळेबंदीनंतर आपल्याकडे सलून 28 जून 2020 ला उघडली, तीही फक्त केस कापायला. दाढीला परवानगी नव्हती. मी तेव्हा कापडी पिशवीत स्वतःचा टॉवेल, स्वतःचा कंगवा, नंतर दाढी सुरू झाल्यावर स्वतःचा ब्रश आणि स्वतःची तुरटीसुद्धा घेऊन जायचो. तो हातमोजे घालून काम करायचा, खुर्ची पुसायचा. आम्हा दोघांनाही ते जमत होतं. कुणी कुणाला का म्हणून विचारत नव्हतं. माझ्या रक्तापासून त्याला वाचवण्याची सगळी व्यवस्था माझ्या पिशवीत आयती होती, आणि ती मी वर्षभरात माळ्यावर टाकली. कारण ती मी माझ्यासाठी नेत होतो. त्याच्यासाठी नेतोय असं एकदाही मनात आलं नव्हतं.

वकील प्रत्येकाच्या आत असतो. माझाही रात्री उठून बसायचा. म्हणायचा, बाबा रे, नियम काय सांगतो? प्रत्येक गिऱ्हाईक रोगी आहे असं धरूनच हत्यार वापरावं. सरकारचा हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम 2018 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून असल्या गोष्टी मला तोंडपाठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2022 साली भारतात या रोगाचे जवळपास तीन कोटी लोक होते, म्हणजे पन्नास माणसांत एक धरला तरी चालेल, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नाही. रविवारी त्याच्याकडे पन्नास गिऱ्हाइकं होतात. तू नसलास तरी कुणीतरी असतोच. मग तूच का सांगायचं?

युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त तो ज्याच्यासाठी केलाय त्या दुकानात लागू पडत नाही. तो नियम हातमोजे असणाऱ्यासाठी, नळाला पाणी असणाऱ्यासाठी, दंडात लस असणाऱ्यासाठी लिहिलाय. त्याच्याकडे फवारणीची एक बाटली आहे, तिच्यात पाणी आणि वास येण्यापुरतं डेटॉल. तुरटी रक्त थांबवते, कातडी आवळून धरते. पण तिनं विषाणू मरतो अशा समजुतीवर रोज शंभर गाल सोपवणं हा नुसता विश्वास आहे. ब्लेड नवं असतं, पण ते ज्या वस्तऱ्याच्या जबड्यात बसतं तो तोच, मानेवरचे केस काढणारी मशीन तीच, खांद्यावरचा टॉवेल तोच. आणि मोडलेली पाती पावडरच्या रिकाम्या डब्यात न जाता कचऱ्याच्या पिशवीत गेली की ती घंटागाडीवरच्या बाईच्या हातात जातात, जिच्या धोक्याबद्दल मी या सगळ्या वर्षांत एकदाही विचार केला नाही, आत्ता हे वाक्य लिहिताना पहिल्यांदा केला. शिवाय पन्नासांतल्या इतरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वकील इथं येऊन गप्प व्हायचा आणि मग झोप लागायची नाही.

त्या वर्षी मी श्रावण पाळला.

आयुष्यात पहिल्यांदा. बायकोला आश्चर्य वाटलं, शाळेत एक-दोघांनी कौतुक केलं. पांढरी दाढी वाढवून मी महिनाभर वर्गात उभा राहिलो. सलूनच्या रस्त्यानं जायची वेळ येऊ नये म्हणून हे व्रत होतं, शंकराला यात कुठेही जागा नव्हती. शंकर ते समजून घेईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही.

या रोगाची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात. श्रावण संपल्यावर गेलो. खुर्चीत बसलो आणि आरशात माझा चेहरा न पाहता त्याचे डोळे पाहिले. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग. पांढरा होता. गणपती झाल्यावर पुन्हा गेलो, नवरात्रात पुन्हा. एकदा तो म्हणाला, "जरा पित्त झालंय सर, जेवण जात नाही," आणि माझ्या पोटात गोळा आला. दर वेळी मी दाढी घरून करून जायचो, फक्त केस कापायला सांगायचो, मानेवर वस्तरा लावू नको म्हणायचो. म्हणजे त्याला धोका नको एवढी काळजी आता घेत होतो, जी काळजी घेण्याची वेळ ऑगस्टात संपली होती. ही काळजी होती की त्याच्या डोळ्यांवरची पाळत, हे मला नीट सांगता येणार नाही. पाळतच असावी. तो पिवळा पडला असता तर मी काय केलं असतं? बोललो असतो? की गुपचूप त्याला कुठल्यातरी डॉक्टरकडे पाठवून, दुरून बिल भरून, स्वतःला मोठा माणूस समजलो असतो? मला दुसरंच जास्त शक्य वाटतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका मंगळवारी दुपारी गेलो. दुकानात कुणी नव्हतं, तो खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. तरीही मी आडवळणानंच सुरुवात केली. म्हणालो, तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं हिपॅटायटिस बीची लस घ्यायला हवी, तीन डोस, फार महाग नाही, तू घेतलीस का? तो उत्साहानं म्हणाला, "माझ्या पोरीला जन्मल्या जन्मल्या दिलीय सर. कार्डावर आहे, झिरो डोस." 2011-12 नंतर देशभर ही लस बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात आली, त्यामुळे पोरगी सुरक्षित. बाप 1998 चा, तो राहिला. मग त्यानं सहज विचारलं, "तुम्ही घेतली का सर?"

मी म्हणालो, "मला आता तिचा उपयोग नाही."

त्यानं मोबाइल खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. अमावास्येचा रविवार, हनुवटी, अंगठा, संपलेले कागद, चोवीस तास. तो ऐकत होता आणि डावा अंगठा उजव्या हातानं चोळत होता. शेवटी म्हणाला, "कोणता अंगठा म्हणताय सर? मला आठवत नाही. बोटं तर रोजच कापतात."

यावर मी काय म्हणणार होतो?

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तेव्हाच सांगायचं ना सर. मी कुणाला बोललो असतो का?" रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं पुढे विचारलं, "तुम्हाला कुठून लागलं?" तेरा वर्षं जिभेवर बसलेलं उत्तर पुढे आलं, आणि ते आपण कुणासमोर देतोय हे लक्षात येऊन मी ते गिळलं. "लहानपणी," एवढंच म्हणालो. आई हा शब्द तेव्हाही तोंडातून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्याला जिल्ह्याच्या सिव्हिलला घेऊन गेलो. तिथे ही तपासणी मोफत होते. त्याचं रक्त निगेटिव्ह आलं, काही महिन्यांनी पुन्हा एकदा केलं तेव्हाही तेच. तीन डोस पुरे झाले. माझ्या नावाची एक प्लास्टिकची डबी आता त्याच्या कपाटात असते, तिच्यात वेगळा कंगवा आणि वेगळी कात्री. डबीवर त्यानं मार्करनं 'सर' लिहिलंय. कुणी विचारलं तर सांगतो, सरांना ॲलर्जी आहे. हे खोटं त्यानं स्वतःहून काढलं, माझ्यासाठी. इतक्या वर्षांत मला त्याच्यासाठी एक खरं काढता आलं नाही.

अण्णा अजून आहेत. दुकान चालूच आहे, पण समोरची बाकं आत घेतलीयत, बसायला कुणी नसतं म्हणून असेल किंवा त्यांना ऊन सोसत नाही म्हणूनही असेल. सगळ्या गोष्टींना मीच कारण आहे असं मानण्यातही एक अहंकार असतो, आणि गावात नवीन सलून चार तरी झाली आहेत. मावसभावाला फोन करायचा म्हणून मी दोनदा नंबर लावला. एकदा त्याच्या नातवाच्या बारशाचं बोलून ठेवला, एकदा उचललाच गेला नाही आणि मला हायसं वाटलं.

शाळेत जाताना स्कूटर अण्णांच्या दारावरूनच जाते. ते पायरीवर बसलेले असतात. बघितलं की हात वर करून हाक मारतात, "काय मास्तर, बऱ्याच दिवसांत आला नाही!" गेली तेरा-चौदा वर्षं ते बऱ्याच दिवसांत असंच म्हणतात, वर्षं कधी म्हणत नाहीत. मी एक हात सोडून वर करतो. परवा पहिल्यांदाच ब्रेक दाबला. ते उठायला लागले, खुर्ची झटकायला आत वळले. मागून ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तसा मी पुढे निघालो.